तेल, धूळ आणि केसाएवढी तार

मंडळी, आजचा विषय पाहून तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, मास्तरांनी आता म्हातारपणी गॅरेज काढायचं ठरवलंय की काय! तसं काही नाही. मला गाडी चालवतासुद्धा येत नाही. सायकल मात्र चाळीस वर्षं चालवली आणि तिची साखळी स्वतःच्या हातानं तेल घालून जपली. जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलं. मी बी. ए. झालो तोही मराठी माध्यमातून, त्यामुळे यंत्रांची इंग्रजी पुस्तकं वाचताना आजही एका हातात शब्दकोश असतो. तरीही मोटारीच्या एअर फिल्टरबद्दल लिहायला बसलोय, कारण या फिल्टरपायी माझ्या हातून एकदा एका माणसावर अन्याय झाला. तो का झाला हे शोधता शोधता एक छान इतिहास हाती लागला. आधी प्रसंग सांगतो, मग इतिहास, आणि शेवटी पुन्हा प्रसंगाकडे येतो.

गोष्ट २०११ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. माझ्या पुतण्यानं आदल्या वर्षी जुनी डिझेल गाडी घेतली होती. हौशी पोरगा. कुणा मित्राच्या सांगण्यावरून त्यानं गाडीत कागदी फिल्टरच्या जागी परदेशी बनावटीचा लाल रंगाचा फिल्टर बसवला. सुती कापडाचा, तेल लावलेला. "काका, हा टाकायचा नसतो. धुवायचा, वाळवायचा, तेल लावायचं, पुन्हा बसवायचा. आयुष्यभर चालतो," असं त्यानं मला कौतुकानं सांगितलं. टाकायचं नाही, जपून वापरायचं, हे ऐकून आमच्या पिढीचा माणूस खूश होणारच! मी म्हटलं, "धुवायचं काम माझ्याकडे दे."

त्याच आठवड्यात गावातल्या एका मिस्त्रीनं गाडीची सर्व्हिसिंग केली होती. हा मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी. १९८९ साली दहावीला होता. गणितात आणि इंग्रजीत गेला, पुन्हा बसलाच नाही. वडिलांच्या ओळखीनं गॅरेजात लागला आणि पुढे स्वतःचं गॅरेज टाकलं. त्यानं इंजिन ऑइल बदललं, डिझेल फिल्टर बदलला, गाडी दिली. रविवारी मी अंगणात बसून लाल फिल्टर धुतला, उन्हात वाळवला आणि त्यावर बाटलीतलं तेल सोडलं. किती? बाटलीवर लिहिलं होतं की प्रत्येक घडीवर एकदाच हात फिरवा, थोडा वेळ थांबा आणि जिथे पांढरं दिसेल तिथेच पुन्हा लावा. मी म्हटलं, तेलात कंजुषी कशाला? शिलाई मशीन काय, सायकल काय, तेलानं कुणाचं वाईट झालंय! चांगलं निथळेपर्यंत लावलं आणि पुतण्यानं लगेच ते गाडीत बसवलं.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या घाटात गाडीनं दम टाकला. बंद पडली नाही, पण चढेना. पाय पूर्ण दाबला तरी मालट्रकच्या मागे रांगत होती. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. आम्ही कसेबसे घरी पोचलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक गॅरेजवर गेलो. चार गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोर मी त्याला म्हणालो, "नकली डिझेल फिल्टर टाकलास ना? शाळेत होतास तसाच निष्काळजी राहिलास."

तो काही बोलला नाही. मान खाली घालून त्यानं नवा डिझेल फिल्टर बसवला, पैसे घेतले नाहीत. गाडी होती तशीच राहिली.

आता इतिहास. गाडीच्या इंजिनाला डिझेल-पेट्रोल लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याहून कितीतरी जास्त हवा लागते हे लक्षात येत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे साधारण नऊ हजार लिटर हवा! दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तेवढ्याच उंचीच्या खोलीतली तिसऱ्या हिश्शाहून थोडी कमी हवा एका लिटरमागे संपते. एवढी हवा आत ओढायची म्हणजे तिच्याबरोबर रस्त्यावरची धूळही आत येणार. आणि धुळीतले वाळूचे कण साधे नसतात. ते पोलादालाही ओरखडतात. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती यांच्यामध्ये ते गेले की सहाणेवर चंदन उगाळावं तसं इंजिन उगाळलं जातं. म्हणून हवेला गाळणी हवी.

पण गाळणी म्हटली की एक जुनं दुखणं आलंच. चहाची गाळणी बारीक घेतली तर चहा स्वच्छ पडतो, पण हळूहळू पडतो. मोठ्या भोकांची घेतली तर झटपट पडतो, पण कपात पत्ती येते. इंजिनाच्या गाळणीचा सगळा इतिहास या एका ओढाताणीचा आहे.

माझ्या लहानपणी, साठच्या दशकात, आमच्या भागात उसाबरोबर ट्रॅक्टर आले. त्यांच्या नाकाशी एक लोखंडी डबा असे. त्याच्या तळाशी तेल. आत येणारी हवा नळीतून खाली तेलाच्या पृष्ठभागापर्यंत जाई आणि तिथे एकदम उलटी वळून वर जाई. हवेला वळता येतं, जड धुळीला चटकन वळता येत नाही, ती सरळ जाऊन तेलात बुडे. उरलीसुरली वरच्या तेलकट जाळीत अडके. ट्रॅक्टरवाला ठराविक दिवसांनी डबा उघडे, खाली चिखलासारखा गाळ बसलेला असे. तो काढायचा, नवं तेल भरायचं. आम्ही पोरं तो गाळ बघायला जमायचो. तेल हे धुळीचा शत्रू आणि इंजिनाचा मित्र, हे माझ्या मनावर तेव्हाच कोरलं गेलं असावं. अंगणात बसून बाटली रिकामी करणारा हात त्याच मुलाचा होता.

दुसऱ्या महायुद्धात ही ओढाताण जीवनमरणाची झाली. १९४२ च्या मार्चमध्ये ब्रिटिशांची स्पिटफायर विमानं माल्टा बेटाच्या रक्षणासाठी पोचली. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातही ती लढली. तिथल्या धुळीनं इंजिनं झिजू नयेत म्हणून विमानाच्या नाकाखाली व्होक्स नावाचा मोठा फिल्टर बसवलेला होता. हनुवटीखाली गलगंड असावा तसा तो दिसे. त्यानं धूळ अडवली खरी, पण विमानाचा वेगही घटवला, आणि समोर जर्मन मेसरश्मिट असताना वेग घटणं म्हणजे काय हे सांगायला नको. मग इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर इथल्या हवाईदलाच्या दुरुस्ती केंद्रात कारागिरांनी एक आटोपशीर फिल्टर तयार केला. तो "अबुकीर फिल्टर" म्हणून ओळखला जातो. म्हणजे "मूळ फिल्टर श्वास कोंडतो, आमचा बसवा" ही कल्पना काही हौशी पोरांनी काढलेली नाही. तिला इतिहास आहे, आणि तो सन्मानाचा आहे.

युद्धानंतर मोटारींमध्ये घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर आला. कागद पंख्यासारखा दुमडला की लहान जागेत पुष्कळ पृष्ठभाग मावतो. तो हलका, स्वस्त. भरला की फेकून द्यायचा. तेलाचा डबा हळूहळू मोटारींतून गेला, ट्रॅक्टरसारख्या यंत्रांत टिकला.

१९६९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी या गोष्टीला नवं वळण मिळालं. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड हे दोघे मोटारसायकलींच्या धंद्यातले. त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून के अँड एन हे नाव पडलं. दक्षिण कॅलिफोर्नियात मातीतल्या शर्यतींचं वेड. तिथे धूळ अफाट, आणि इंजिनाला तर मोकळा श्वास हवा. या मंडळींनी तारेच्या जाळीत सुती कापडाचे थर बसवले आणि त्यांना तेल लावलं. कापडाची वीण कागदापेक्षा मोकळी, म्हणून हवा सहज जाते. वीण मोकळी म्हणून जी धूळ सुटली असती ती तेलाला चिकटते. शिवाय धुऊन पुन्हा वापरता येतं. कल्पना म्हणून ही सुरेखच आहे. ट्रॅक्टरच्या डब्यातलं तेल इथे कापडावर आलं, एवढंच. त्या काळात इंजिनात कार्बुरेटर असे. तेलाचा एखादा थेंब सुटून आत गेलाच तर पेट्रोलबरोबर जळून जाई. त्याची दखल घेणारं तिथे कुणी नव्हतं.

दखल घेणारा मात्र त्याच सुमारास दुसरीकडे जन्माला येत होता. १९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कायदा झाला. मोटारींच्या धुरातली विषारी द्रव्यं मोठ्या प्रमाणात घटवा, असा हुकूम सुटला. धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचं नळकांडं आलं, पण त्याचा सर्वांत कार्यक्षम प्रकार तेव्हाच नीट काम करतो, जेव्हा हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण त्या १४.७ च्या अगदी जवळ राहतं. ते सांभाळायचं तर इंजिनात या क्षणी किती हवा जातेय हे मोजायला हवं. कार्बुरेटरच्या अंदाजपंचे कारभाराचे दिवस संपत आले.

जर्मनीच्या बॉश कंपनीनं १९७३-७४ च्या सुमारास एल-जेट्रॉनिक नावाची पद्धत आणली. त्यातलं एल म्हणजे लुफ्ट, जर्मन भाषेत हवा. हवेच्या वाटेत एक झडप टांगलेली, हवा तिला ढकलते, ती जितकी उघडेल तितकी हवा. (याच बॉशच्या भारतातल्या कंपनीला आपण पूर्वी मायको म्हणत असू. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, मायको सर्कल अजून सगळ्यांच्या तोंडी आहे.) या झडपेनं हवेचं आकारमान कळे, वजन कळत नसे. आता महाबळेश्वरची एक बादली हवा आणि रत्नागिरीची एक बादली हवा वजनाला सारखी नसते. उंचावर ती विरळ होते, उन्हाळ्यातही विरळ होते. जळण्यासाठी महत्त्वाचं असतं ते वजन.

यावरचा तोडगा फार जुन्या शास्त्रात होता. १९१४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या लुई किंग या शास्त्रज्ञानं तापलेल्या बारीक तारेवरून हवा गेली तर ती किती उष्णता नेते याचा नियम मांडला. तत्त्व अगदी घरगुती आहे. बशीतल्या गरम चहावर फुंकर घातली की चहा निवतो, जोरात घातली की लवकर निवतो. आता समजा, काही झालं तरी बशीतला चहा तितकाच गरम ठेवायचा आहे. मग जितकी फुंकर जास्त तितका जाळ वाढवावा लागेल, आणि किती जाळ लागला यावरून फुंकर किती जोराची होती हे सांगता येईल. बॉशनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेल्या एलएच-जेट्रॉनिकमध्ये हेच केलं. हवेच्या वाटेत केसाएवढी बारीक प्लॅटिनमची तार, तिचं तापमान हवेपेक्षा ठराविक अंशांनी जास्त राखायचं, आणि त्यासाठी लागणारी वीज मोजायची. त्यावरून हवेचं वजन कळतं. व्होल्वोच्या गाड्यांत ही पद्धत सुरुवातीला आली. यालाच मास एअर फ्लो सेन्सर म्हणतात. आपले मिस्त्री त्याला नुसतं "एअर फ्लो" म्हणतात.

तारेवर मळ बसेल ही भीती तेव्हाच होती. म्हणून इंजिन बंद केल्यावर ती तार क्षणभर सुमारे हजार अंशांपर्यंत लालबुंद करून मळ जाळून टाकायची सोय बॉशनं केली. रोज रात्री दिव्याची काच पुसून ठेवावी तसं. पुढे तारेच्या जागी पातळ पापुद्र्यासारखी तापणारी पट्टी आली. ती अशा रीतीनं बसवली की मळ तिच्या मोजणाऱ्या भागावर कमी बसावा. मग रोजची ही जाळपोळ बऱ्याच गाड्यांतून गेली.

म्हणजे पाहा, एका बाजूला धुळीच्या शर्यतींतून आलेलं तेलकट कापड, दुसऱ्या बाजूला स्वच्छ हवेच्या कायद्यातून आलेली नाजूक तार. दोघांचा जन्म थोड्याच वर्षांच्या अंतरानं झालेला, दोघांचाही हेतू चांगला. पण नव्या गाड्यांत ती तार फिल्टरच्या लगेच पुढे, त्याच नळीत येऊन बसली. शेजार असा जुळला, आणि भांडण सुरू झालं.

भांडण काय ते नीट समजून घेऊ. फिल्टरवर तेल जास्त झालं तर हवेच्या ओढीनं त्याचा सूक्ष्म अंश सुटून तारेवर किंवा पट्टीवर बसू शकतो. त्यावर बारीक धूळ चिकटते. मग तारेवर गोधडी पांघरल्यासारखं होतं. हवा जाते तेवढीच, पण उष्णता कमी निघते, वीज कमी लागते, आणि संगणक समजतो की हवा कमी आली. तो पेट्रोल कमी सोडतो. पुढे धुरातला प्राणवायू मोजणारा दुसरा सेन्सर ओरडतो की पेट्रोल कमी पडतंय. संगणक दुरुस्ती करत राहतो, आणि दुरुस्तीची मर्यादा संपली की दिवा लावतो. १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना दोष स्वतः नोंदवण्याची एकसारखी पद्धत सक्तीची झाली, त्यामुळे असले दिवे घरोघरी दिसू लागले. हवेच्या मापावरून काही गाड्यांतला संगणक इंजिनाच्या जोराचा अंदाज बांधतो आणि त्यावरून ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या क्लचवर किती दाब द्यायचा ते ठरवतो. माप कमी आलं तर दाब कमी पडतो, क्लच घसरतो, झिजतो. कापडावरचं चमचाभर जादा तेल आणि हजारो रुपयांचा गिअरबॉक्स यांचा संबंध असा जोडला जातो.

जनरल मोटर्सनं २००४ साली आपल्या वर्कशॉपांसाठी याच विषयावर एक सूचनापत्रक काढलं. बाहेरच्या, पुन्हा वापरायच्या फिल्टरला तेल जास्त झालं असेल तर सेन्सर मळू शकतो, गिअर बदलताना त्रास होऊ शकतो, आणि असं झाल्याचं आढळलं तर दुरुस्ती वॉरंटीत धरू नये, असा त्याचा आशय. लक्षात घ्या, त्यात बोट ठेवलं होतं ते "जास्त" झालेल्या तेलावर. फिल्टरवाल्यांचं म्हणणं असं की ठरलेल्या मापात लावलेलं तेल कापड सोडत नाही, आमच्या फिल्टरला विनाकारण बदनाम करू नका. अमेरिकेत १९७५ सालचा मॅग्नुसन-मॉस नावाचा वॉरंटी कायदा आहे. नुसता बाहेरचा सुटा भाग लावला एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. म्हणजे वाद शेवटी पुराव्यावर येतो. इतिहासाच्या मास्तराला आनंद व्हावा अशीच ही जागा!

पुरावा मात्र सोपा नाही. हवेचं माप चुकण्याची कारणं अनेक. फिल्टरनंतरच्या नळीची क्लिप ढिली असेल तर न मोजलेली हवा आत शिरते आणि लक्षणं बरीचशी तीच दिसतात. सेन्सर वयानंही थकतो. कागदी फिल्टरच्या गाड्यांतही सेन्सर मळतात, हे विसरून चालत नाही. शिवाय नुसत्या धुळीनंही मळतात. मोकळ्या विणीच्या फिल्टरमधून धूळ जास्त जाते हा आक्षेप वेगळाच आहे. त्याचं गणित मुलांना घालावं असं आहे. समजा एक फिल्टर शंभरातली नव्याण्णव टक्के धूळ अडवतो आणि दुसरा सत्त्याण्णव. ऐकायला फरक दोन टक्क्यांचा. पण इंजिनात शिरते ती न अडवलेली धूळ, आणि ती एकास तीन. अडलेल्याकडे बघितलं तर दोघे सारखे, सुटलेल्याकडे बघितलं तर एक तिप्पट. शर्यतीच्या गाडीचं इंजिन काही शर्यतींनंतर उघडलंच जातं, तिला हा सौदा परवडतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीचा मालक तो का करतो, हे मात्र त्यानं स्वतःला विचारावं.

आपल्याकडे हा वाद उशिरा आला, कारण तारच उशिरा आली. भारत स्टेजचे नियम २००० पासून टप्प्याटप्प्यानं कडक होत गेले. तिसरा टप्पा देशभर २०१० मध्ये, चौथा २०१७ मध्ये आणि सहावा २०२० च्या एप्रिलपासून. आपल्या अनेक लहान पेट्रोल गाड्या हवेचं वजन थेट मोजतच नव्हत्या. नळीतला दाब मोजून हिशोब करायच्या. त्यांना तेलाचं भय फारसं नव्हतं. पण नव्या पद्धतीच्या डिझेल गाड्यांत एअर फ्लो सेन्सर आला. डिझेलमध्ये त्याचं काम थोडं वेगळं. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात किती सोडायचा हे त्यावरून ठरतं, आणि काळा धूर पडू नये म्हणून हवा कमी असेल तर संगणक डिझेलही आखडतं घेतो. म्हणजे हवा भरपूर असूनही सेन्सरनं ती कमी दाखवली, तर पाय कितीही दाबा, डिझेल मिळत नाही. सपाटीवर हे लक्षात येत नाही. घाटात येतं.

आता पुन्हा खंबाटकीकडे. डिझेल फिल्टर दुसऱ्यांदा बदलूनही फरक पडला नाही तेव्हा पुतण्यानं गाडी साताऱ्याला एका स्कॅनरवाल्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. मीही गेलो. त्यानं तार जोडली, आकडे पाहिले, म्हणाला, "हवा कमी दाखवतोय." सेन्सर काढून पांढऱ्या कागदावर त्याची कड टेकवली. कागदावर लालसर तेलकट डाग उमटला. मला विचारलं, "फिल्टरला तेल कुणी लावलं?" मी कुठे पाहावं हे मला कळेना. त्यानं सेन्सरसाठी मिळणाऱ्या फवाऱ्यानं तो साफ केला, वाळू दिला, कागदी फिल्टर बसवला, नळीची क्लिप आवळली. गाडी पहिल्यासारखी पळू लागली. पुतण्या हसत होता. मला मात्र गॅरेजमधली ती चार गिऱ्हाइकं दिसत होती.

माफी मागायला जायला मला आठ दिवस लागले. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. शिक्षकाला चूक दाखवायची सवय असते, चूक कबूल करायची नसते. गेलो, तेव्हाही दोन-तीन गिऱ्हाइकं होती, आणि ते बरंच झालं. जे बोललो होतो ते चारचौघांत बोललो होतो, परत घ्यायचं तेही चारचौघांतच घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, "चूक माझी होती. तेल मी लावलं होतं, बोल तुला लावला."

त्यानं हात पुसले, स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. सगळी हकीकत ऐकून घेतली. आणि म्हणाला, "सर, तेलामुळंच झालं असं मी पण छातीठोक सांगणार नाही. त्यांनी सेन्सर साफ केला, फिल्टर बदलला आणि क्लिप पण आवळली. तीन कामं एकदम केली. कशानं बरी झाली ते कसं कळणार? तुम्हीच शिकवलं होतं ना, तात्कालिक कारण वेगळं आणि मूळ कारणं वेगळी. काडतुसांना चरबी लावली म्हणून सत्तावन्न घडलं नाही, असं फळ्यावर लिहून दिलं होतं."

मी गप्प झालो. तो धडा मी पंचवीस-तीस वर्षं शिकवला. सेवकानं कावळा बसला आणि फांदी मोडली, त्याला आपण काकतालीय न्याय म्हणतो, हेही मुलांना सांगितलं. सर्व्हिसिंगनंतर गाडी बिघडली म्हणून सर्व्हिसिंगमुळे बिघडली, हे मी त्याच न्यायानं ठरवलं. आणि साताऱ्याला डाग पाहिल्यावर त्याच वेगानं उडी मारून सगळा दोष तेलावर ढकलला. म्हणजे आरोपी बदलला, पद्धत तीच राहिली. दहावीत नापास झालेला माझा विद्यार्थी मात्र, ज्या निष्कर्षानं तो स्वतः निर्दोष ठरत होता, त्या निष्कर्षालाही पुरावा मागत होता.

डाग तर खरा होता, आणि तेल मी मापाबाहेर लावलं होतं हेही खरं, त्यामुळे माझं मत आजही तेलाकडेच झुकतं. पण झुकतं, इतकंच म्हणतो. लाल फिल्टर वाईट असंही मी म्हणणार नाही. शर्यतीच्या धुळीत तो शोभतो, आणि बाटलीवर लिहिलंय तेवढंच तेल लावणाऱ्याच्या हातात तो कदाचित सुखानं नांदतही असेल. आमच्या घरी तो माळ्यावर पडून आहे.

गॅरेजमधून निघताना मी डिझेल फिल्टरचे राहिलेले पैसे पुढे केले. त्यानं ते घेतले, याचं मला फार बरं वाटलं. नाकारले असते तर माझं ओझं तसंच राहिलं असतं. पैसे खिशात घालत तो एवढंच म्हणाला, "सर, पुढच्या वेळी आधी विचारा, मग रागवा."

असो. तेव्हापासून सायकलच्या साखळीलाही मी थेंब मोजून तेल घालतो.